शिक्षकांची संघटना आणि गावची शाळा

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, सन्माननीय पालक व विश्वस्त मंडळी,



दरवर्षी ५ सप्टेंबरला डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी आपण शिक्षक दिन साजरा करतो. त्या दिवशी वरच्या वर्गातील मुले खालचे वर्ग घेतात, गुरुजनांना फुले देतात, भाषणे होतात. बरोबर एका महिन्याने, ५ ऑक्टोबरला, जागतिक शिक्षक दिन असतो. तो आपल्याकडे फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. पहिला दिवस शिक्षकाच्या सन्मानाचा आहे, तर दुसरा त्याच्या हक्कांचा आणि जबाबदाऱ्यांचा. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र मंजूर झाले. १९९४ पासून त्याच तारखेला हा दिवस जगभर पाळला जातो. शिक्षकांच्या संघटना शिक्षणाच्या प्रगतीला मोठा हातभार लावू शकतात, म्हणून शैक्षणिक धोरण ठरवताना त्यांना सोबत घ्यावे, असे त्या शिफारसपत्रात सांगितले आहे.

नागरिकशास्त्राच्या तासाला मुले विचारतात, "शिक्षकांना युनियन कशाला हवी? ते काय गिरणी कामगार आहेत?" पालक-शिक्षक संघाच्या सभेतही हा प्रश्न कधी हळू आवाजात, तर कधी रागाने विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना आपल्या पेडणे व डिचोली तालुक्यांतील गावच्या शाळांकडे पाहावे लागते. म्हणून या अंकातील अभ्यास लेखासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे.

शब्दांची ओळख

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे संपाला 'हडताल' म्हणतात. हाट म्हणजे बाजार आणि त्याला लागलेला ताला, म्हणजे कुलूप, अशी त्या शब्दाची फोड सांगितली जाते. मराठीत आपण 'संप' म्हणतो. शेजारच्या गुजराती भाषेत 'संप' या शब्दाचा अर्थ आजही 'ऐक्य' असाच आहे. एका शब्दात कुलूप आहे, दुसऱ्यात एकोपा. शिक्षकांच्या संघटनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या दोन शब्दांत आहेत. बहुतेकांना संघटना आठवते ती कुलूप लागते तेव्हाच. वर्षाचे उरलेले दिवस ती काय करते, हे कोणी विचारत नाही.

संघटना म्हणजे समान काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन केलेली, नियम, सभासद, वर्गणी व निवडलेले पदाधिकारी असलेली संस्था. भारतीय संविधानाच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला संघटना स्थापण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. देशपातळीवर प्राथमिक शिक्षकांचा अखिल भारतीय महासंघ १९५४ पासून काम करीत आहे. आपल्या गोव्यात माध्यमिक शिक्षकांची ऑल गोवा सेकंडरी स्कूल टीचर्स असोसिएशन आहे, तसेच मुख्याध्यापकांचीही संघटना आहे.

बारा रुपयांची मागणी

मराठी मुलखात प्राथमिक शिक्षकाची बाजू ठामपणे मांडणारा एक फार जुना व मोलाचा कागद आहे. तो कोणा संघटनेचा नाही, महात्मा जोतीराव फुले यांचा आहे. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते आणि ज्यांच्या घामातून महसूल येतो त्या शेतकऱ्याच्या मुलांची प्राथमिक शाळा उपाशी ठेवते, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न घेतला. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावा, असे त्यांनी सुचवले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबून विचार करा. जोतीरावांना शिक्षकांच्या पगारातून स्वतःसाठी काहीच मिळवायचे नव्हते. मग त्यांनी ही मागणी का केली? कारण अपुऱ्या पगारावर कोणी चांगला माणूस खेड्यात शिकवायला राहणार नाही, आणि त्याची झळ बसेल ती शेतकऱ्याच्या मुलाला, हे त्यांना दिसत होते. त्यांच्या लेखी पगाराचा आकडा हा मुलाच्या शिक्षणाचाच एक भाग होता. शिक्षकांच्या प्रत्येक मागणीला आपण हीच कसोटी लावून पाहू.

गोव्यातील वाट

पोर्तुगीज अमदानीत आपल्या भागात मराठी शिकायचे तर गावकऱ्यांनी वर्गणी काढून पंतोजी ठेवायचा, देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या ओसरीवर शाळा भरवायची, अशी रीत होती. पंतोजीचा निर्वाह गावाच्या मर्जीवर चाले. चार माणसांनी एकत्र येऊन सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात बंदी झुगारून सभा घेतली, ती याच नागरी हक्कांसाठी. आपल्या पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी रक्त सांडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर भारतीय संविधानाचे हक्क आपल्याला मिळाले, आणि त्यांत संघटना करण्याचा हक्कही आला. आज एखादा शिक्षक पणजीच्या आझाद मैदानावर निवेदन घेऊन उभा राहतो, तेव्हा तो मोठी किंमत मोजून मिळालेला हक्क वापरत असतो.

डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. हरमल, कोरगाव, इब्रामपूर असो की मये, लाटंबार्से, पाळी असो, आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी जणांनी मुळाक्षरे गिरवली ती अशाच सरकारी मराठी शाळेत. गावाच्या वर्गणीवर जगणारा पंतोजी गेला आणि सरकारी वेतन घेणारे गुरुजी व बाई आल्या. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के नोंदली गेली. या आकड्याचा पाया त्या कौलारू शाळांमध्ये आहे.

पुढे चित्र पालटत गेले. १९९० साली प्राथमिक स्तरावर अनुदान प्रादेशिक भाषांच्या शाळांनाच द्यावे असे धोरण ठरले. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदानाचे दार उघडले आणि त्यावर मोठे भाषिक आंदोलन झाले. माध्यमाचा वाद हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की ऐपत असलेल्या आणि बसची सोय झालेल्या घरांतील मुले हळूहळू गावच्या शाळेतून बाहेर गेली. मागे राहिली ती अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुले आणि बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुरांची मुले. डिचोली तालुक्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या, तेव्हा ज्या घरांची कमाई आटली त्यांना शुल्क न घेणारी गावची शाळा किती मोलाची आहे ते कळले. असे असूनही अनेक वाड्यांवरील शाळांचा पट दहा-पंधरावर आला आहे, आणि कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याची चर्चा वेळोवेळी होत असते.

एका शिक्षकाचे गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. एका वाड्यावर पहिली ते चौथीची शाळा आहे. मुले बारा, शिक्षिका एक. शाळेचे शिकवण्याचे पाच तास धरू, म्हणजे ३०० मिनिटे. इयत्ता चार. प्रत्येक इयत्तेला भाषा, गणित, परिसर अभ्यास व इंग्रजी असे चार विषय धरले तर ४ × ४ = १६ तासिका झाल्या. ३०० भागिले १६ म्हणजे पावणेएकोणीस मिनिटे. पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवून देत असताना चौथीच्या मुलाने भागाकार आपला आपण करायचा. त्यातच हजेरी, माध्यान्ह आहाराची नोंद, गणवेशाचे अर्ज, संगणकावर भरायची माहिती ही कामे आलीच. शिक्षिका तालुक्याला बैठकीला गेली तर त्या दिवशी एकतर शेजारच्या शाळेतून कोणी यावे किंवा मुलांनी घरी जावे.

कायदा काय म्हणतो? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक हवेत. ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. पट बारा असला तरी दुसऱ्या शिक्षकाची तरतूद कायद्याने केलेली आहे. याच कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढे सोडून शिक्षकाला अन्य कामाला जुंपता येत नाही. निवडणुकीच्या यादीचे कामसुद्धा शक्यतो सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले होते.

मग हा दुसरा शिक्षक मागायचा कोणी? बारा मुले मागू शकत नाहीत. त्यांचे आई-वडील सकाळी कामावर जातात, पर्वरीच्या शिक्षण खात्यात खेटे घालायला त्यांना सवड नाही. ज्या पालकांचा आवाज सरकार-दरबारी ऐकला जातो, त्यांची मुले त्या शाळेत नाहीत. आणि ती शिक्षिका? ती सरकारी नोकर. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी तिला सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. एकटीने तक्रार केली तर बदलीची धास्ती. अशा वेळी तिच्या वतीने निवेदन देऊ शकते ती तिची संघटना. दुसऱ्या शिक्षकाची मागणी ही वरवर नोकरभरतीची मागणी दिसते. प्रत्यक्षात ती त्या बारा मुलांची मागणी आहे.

शाळा बंद करून मुले दुसरीकडे नेण्याचा विचारही याच अंगाने तपासावा. मोठ्या शाळेत सोबत अधिक मिळते, खेळायला गडी मिळतात, विषयवार शिक्षक मिळू शकतात, हे खरे आहे. पण जूनच्या पावसात सहा वर्षांच्या मुलाने किती चालायचे, बालरथ वाड्यापर्यंत येतो का, आणि मजुराची मुलगी दूरच्या शाळेत खरोखर पोहोचते की घरीच राहते, हे प्रश्न आधी सुटले पाहिजेत. पटसंख्येच्या कागदावर हे दिसत नाही. ते वाड्यावर रोज जाणाऱ्या शिक्षकाला माहीत असते. म्हणून निर्णयाच्या टेबलावर त्याच्या संघटनेला जागा हवी.

शिक्षक कामगार आहे काय?

"शिक्षक काय गिरणी कामगार आहेत?" या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिले आहे, आणि तेही आपल्या गोव्यातील खटल्यात. येथील एका खासगी शाळेतील शिक्षिकेला १९७५ साली सेवेतून कमी करण्यात आले होते. तिने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. न्यायालयाने म्हटले की शिक्षणसंस्था त्या कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' असली तरी शिक्षक 'कामगार' नाही. त्याचे काम अंगमेहनतीचे, कारकुनी, तांत्रिक किंवा देखरेखीचे नाही, ते ज्ञानदानाचे आहे. त्यामुळे त्या कायद्याखाली एकाच शाळेतील शिपाई व कारकून कामगार न्यायालयात जाऊ शकत होते, पण शिक्षक जाऊ शकत नव्हता.

हा शिक्षकी पेशाचा गौरव आहे, तसाच त्यातून एक पेचही निर्माण होतो. कामगाराला असलेले संरक्षण नाही, तर मग कोणते? गोव्यात याचे उत्तर १९८४ चा शालेय शिक्षण कायदा व १९८६ ची नियमावली यांत आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती, कारवाईपूर्वीची चौकशी आणि अपील यांची तरतूद त्यांत केलेली आहे. हे नियम वाचणे, शिक्षकाला समजावणे व त्यांचे पालन होते की नाही ते पाहणे हे संघटनेचे रोजचे आणि कंटाळवाणे काम आहे. वर्तमानपत्रांत त्याची बातमी होत नाही.

संघटनेने चिकाटीने काय साधते, याचे एक उदाहरण पाहा. अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने ग्रॅच्युइटीसाठी दावा लढवला आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत शिक्षक बसत नाही, असा निकाल लागला. ही उणीव दूर करायचे काम संसदेचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. २००९ साली संसदेने व्याख्या बदलली व ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिले, पण ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. विनाअनुदानित शाळेत आयुष्य घालवलेल्या कितीतरी शिक्षकांना त्याचा लाभ झाला. वाट लांबची होती, पण त्या वाटेवर कोणत्याही शाळेला कुलूप लावावे लागले नाही.

आणखी एक फरक सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्रात विधान परिषद आहे. संविधानाच्या १७१व्या कलमानुसार तिथे माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षक आपले सात प्रतिनिधी निवडून देतात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की सिंधुदुर्गातील माध्यमिक शिक्षकाला कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात मत आहे. अलीकडे, पेडण्यातील शिक्षकाला तसा मतदारसंघच नाही, कारण गोव्यात चाळीस आमदारांची एकच विधानसभा आहे. त्यामुळे गोव्याच्या शिक्षकाला कामगार न्यायालय नाही आणि सभागृहात राखीव जागाही नाही. सर्वांच्या वतीने बोलायला उरते ती संघटनाच.

शिकागोच्या बाईंची गोष्ट

संघटना फक्त मागण्याच करते, असे वाटणाऱ्यांसाठी एक परदेशातील गोष्ट. अमेरिकेतील शिकागो शहरात १८९७ साली प्राथमिक शिक्षिकांनी आपली संघटना स्थापन केली. पगारवाढीचे आश्वासन मिळाले, पण लवकरच शिक्षण मंडळाने तिजोरीत पैसा नाही असे सांगून हात वर केले. मार्गारेट हेली व कॅथरिन गॉगिन या दोन शिक्षिकांनी कर खात्याच्या नोंदी तपासायला घेतल्या. शहरातील ट्राम, वीज, गॅस व टेलिफोनच्या बड्या कंपन्यांकडून त्यांच्या परवान्यांच्या किमतीवर कर वसूलच होत नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी खटला भरला आणि १९०१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या काळी या शिक्षिकांना विधिमंडळाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्कही नव्हता. त्यांनी आपल्या पगाराचा प्रश्न सोडवताना शहराच्या सार्वजनिक शाळांसाठी हक्काचा पैसा शोधून दिला. "पैसा नाही" या उत्तरावर न थांबता हिशेब तपासणारी संघटना अशी असते.

संप करावा का?

हा सर्वांत अवघड प्रश्न. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी व शिक्षक यांनी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला. नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना निवृत्तीनंतर ठरावीक पेन्शनची हमी नाही, हे त्यांचे दुःख खरे होते. पण ते दिवस दहावी-बारावीच्या परीक्षांचे होते. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाच्या मनात त्या आठवड्यात काय चालले असेल? दुसरीकडे, २००३ साली तमिळनाडूत संपावर गेलेल्या लाखाहून अधिक कर्मचारी व शिक्षकांना सरकारने एका फटक्यात कामावरून काढले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही असे सांगितले. बहुतेकांना पुढे परत घेण्यात आले, पण धडा दोन्ही बाजूंना मिळाला.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. परीक्षा, मुलांचे जेवण आणि शिक्षक एकच असलेली शाळा यांना आंदोलनाचे हत्यार करू नये. निवेदन, सुटीच्या दिवशी मोर्चा, काळी फीत, न्यायालय, आमदारांच्या भेटी असे मार्ग आहेत. पण जी संघटना रविवारी निवेदन घेऊन येते तिला सहा-सहा महिने कोणी भेटच देत नसेल, तर सोमवारच्या कुलपाची जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकता येणार नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात प्रत्येक राज्यात शिक्षक संघटना व शिक्षण खाते यांची संयुक्त परिषद असावी असे सुचवले होते. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. ठरलेल्या तारखेला नियमित बोलणी झाली तर संपाची पाळी क्वचितच येईल, हा त्यामागील साधा विचार आहे.

संघटनेकडूनही अपेक्षा

हक्क सांगणाऱ्याने हिशेबही द्यावा लागतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक संघटनांवर एक जबाबदारी टाकली आहे. व्यावसायिक सचोटी राखणे, शिक्षकाची प्रतिष्ठा वाढवणे आणि गैरवर्तनाला आळा घालणे यांत त्यांनी पुढाकार घ्यावा व आचारसंहिता पाळून घ्यावी. वर्गावर उशिरा जाणाऱ्या, कायद्याने मनाई असताना शिकवण्या घेणाऱ्या किंवा मुलांना मारणाऱ्या सभासदाला संघटना पाठीशी घालते, तेव्हा पालक तिच्यापासून दुरावतात. मग खऱ्या मागणीच्या वेळीही कोणी सोबत येत नाही. पॅरा शिक्षकांसारखे तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबणारे सहकारी असताना, कायम नोकरीत असलेल्यांनी आपल्याच वेतनश्रेणीपुरते बोलणेही शोभत नाही.

एक ताजा प्रश्न पाहू. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. वीस-पंचवीस वर्षे सेवा केलेल्यांना हा निकाल जड वाटला, हे स्वाभाविक आहे. सवलत मागण्याचा त्यांना अधिकार आहे. त्याबरोबरच सभासदांसाठी अभ्यासवर्ग घेणे, विषयज्ञानाची उजळणी करून घेणे हे कामही संघटनेने हाती घेतले, तर पालकांचा विश्वास दुणावेल.

पालक व विश्वस्तांना विनंती

विश्वस्त मंडळींना आम्ही आदरपूर्वक सांगू इच्छितो की संघटनेचा सभासद असणे म्हणजे संस्थेशी वैर धरणे नव्हे. अनुदानित शाळेतील मंजूर पदांचे वेतन सरकारकडून येते. पदे तुकड्यांवर व तुकड्या पटावर ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि पद रिकामे राहिले की मुलांचे तास बुडतात. ही दोन्ही संकटे संस्थेची व शिक्षकाची एकच आहेत. एका संस्थेचे पत्र फाइलमध्ये राहते. साऱ्या शाळांचे दुखणे एकत्र मांडणारे निवेदन तसे सहज बाजूला ठेवता येत नाही. म्हणून शिक्षक सभेला जायला रजा मागतो तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहू नये. परत आल्यावर तिथे काय ठरले ते मात्र अवश्य विचारावे.

पालकांना विनंती अशी की शिक्षकांची कोणतीही मागणी कानावर आली की तीन प्रश्न विचारा. ही मागणी मान्य झाली तर माझ्या मुलाच्या वर्गात काय बदलेल? ती मान्य झाली नाही तर कोणाचे नुकसान होईल? आणि ती मिळवण्यासाठी निवडलेल्या मार्गाने मुलांचे किती दिवस जातील? उत्तरे समाधानकारक असतील तर शिक्षकांच्या पाठीशी उभे राहा. नसतील तर तसे तोंडावर सांगा. आपली मुले आमच्या शाळेत असली तरी आपल्या वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा परकी मानू नका. तिथली चौथी पास झालेली मुलेच पाचवीत आपल्या बाकावर येऊन बसतात. ती शाळा बंद झाली तर पुढच्या काही वर्षांत आपल्याही तुकड्या रिकाम्या होऊ लागतील.

स्वाध्याय

१. 'हडताल' व 'संप' या शब्दांच्या अर्थांतील फरक सांगा. तुमच्या मते शिक्षक संघटनेला कोणता अर्थ अधिक लागू पडतो? का?

२. महात्मा फुले यांनी १८८२ साली शिक्षकांच्या पगाराचा मुद्दा का मांडला? पाच-सहा ओळींत लिहा.

३. एका शाळेत पहिली ते चौथीची १४ मुले व दोन शिक्षक आहेत. प्रत्येक शिक्षकाकडे दोन इयत्ता, प्रत्येक इयत्तेला चार विषय व दिवसाची ३०० मिनिटे धरल्यास एका विषयाला किती मिनिटे मिळतील? लेखातील उत्तराशी तुलना करा.

४. १९८८ च्या निकालानुसार शाळेतील शिपाई व शिक्षक यांच्या कायदेशीर स्थितीत काय फरक आहे?

५. वादविवाद (इयत्ता नववी व दहावी): 'कमी पटाच्या शाळा विलीन कराव्यात.' दोन्ही बाजूंनी प्रत्येकी चार मुद्दे तयार करा.

६. उपक्रम: तुमच्या वाड्यावरील प्राथमिक शाळेला पालकांसोबत भेट द्या. पट, शिक्षकांची संख्या, इयत्ता आणि सर्वांत दूरच्या मुलाला चालावे लागणारे अंतर यांची नोंद करा. सर्व नोंदी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. त्यांचा एकत्रित तक्ता करून तो पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत ठेवला जाईल, आणि जिथे एकच शिक्षक आहे त्या शाळांची यादी सभेच्या ठरावासह शिक्षण खात्याकडे पाठवावी असा आमचा प्रस्ताव आहे.

आपला,
प्राचार्य